पाळणुकीतली फोडणी

माझा नवरा रिटायर होऊन कापड्याला कायमचा राहायला आला, तेव्हा वाडीतल्या बायका म्हणाल्या, बया, आता तुझे सुखाचे दिवस आले. मी म्हटलं, बघू.

उभा जन्म तो मुंबईला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होता. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, मे महिन्यात आंबे खाऊन जायचा. इथे भात लावला मी, झोडला मी, गाईंची बाळंतपणं केली मी, सासऱ्याला शेवटपर्यंत अंघोळ घातली मी. पोराला, विनीतला, शिकवला मी. मी स्वतः दुसरीत शाळा सोडली, पण माझ्या घरातला कुठला डबा कुठे आहे ते मी झोपेत सांगीन. आणि तोंड माझं असं की वाडीत कुणाचं कुणाशी वाजलं तर आधी बयाला, म्हणजे मला, बोलवायला यायचे.

हैबती मऊ. त्याच्या तोंडून कधी शिवी ऐकली नाही. माझ्या तोंडून सगळ्या वाडीने ऐकल्यात. त्याला मी जन्मभर 'अवो' म्हणत आले, नाव कधी घेतलं नाही. इथे नाव घेऊन लिहिते आणि अरे-तुरे लिहिते. ते का, ते कळेलच.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी आमची गाय सोनाबाईच्या वालात शिरली. सोनाबाई माझी थोरली चुलत जाऊ, घराला घर लागून. ती ओरडत आली, मीही ओरडत बाहेर पडले. बघते तर गोठ्याचं कवाड सताड उघडं. रात्री मी ते सुंभाने बांधलं होतं. बांधलं होतं ना?

मी तोंड उघडायच्या आत हैबतीने हात जोडले. "वयनी, चुकी झाली. हल्ली विसरते ती."

"काय विसरते मी?" मी म्हटलं.

"काय नाय गो. तू आत जा. थंडी हाय."

सोनाबाईचं भांडण तिथल्या तिथे विझलं. माझ्याकडे तिने असं बघितलं की त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग चाव्या. कोठीच्या खोलीच्या चाव्या माझ्या कमरेला. अंघोळीला जाताना तेवढ्या खुंटीला अडकवायच्या, एवढीच त्यांची माझ्यापासून सुटका. एक दिवस न्हाऊन आले तर खुंटी रिकामी. सारं घर उलथं केलं. दुपारी हैबतीने तांदळाच्या डब्यात हात घातला आणि चाव्या काढून माझ्या हातात ठेवल्या.  नुसता हसला, लहान पोराला हसतात तसा. मी त्याच्यावर खेकसले आणि मागच्या दारी जाऊन बसले. चाव्या मुठीत धरून बसले, चोरी केल्यासारखी.

पण चाव्या, कवाड हे परवडलं. एक वेगळंच त्याने चालू केलं होतं, ते मला फार उशिरा समजलं. मी काही सांगायला गेले की तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "सांगितलंस मघाशी."

"अवो, श्रीपत गुरव येऊन गेला."

"हां, सांगितलंस मघाशी."

"मी? कधी?"

"चहा पिताना नाय का बोललीस. जाऊ दे गो. होतं असं."

पहिल्यांदा मी भांडले. मग आठवायला लागले. मग असं झालं की काही बोलायचं असलं की आधी मनात विचारायचं, बया, हे बोलून झालंय का तुझं? आणि खात्री व्हायची नाही, म्हणून बोलायचंच नाही. ज्या बाईचा आवाज नदीपलीकडे जायचा ती घरात मुकी झाली. वाडीला वाटलं, खरंच हिचं काहीतरी बिघडलंय. मला तरी दुसरं काय वाटणार?

त्याने मला महाडला डॉक्टरकडे नेलं. तरणा पोरगा होता डॉक्टर, बोलायला चांगला. आज वार कुठला, मी सांगितला. महिना कुठला, तोही सांगितला. मग म्हणाला, "आजी, शंभरातून सात काढा."

"सात कशाला काढायचे? कुणाला द्यायचे हायत?"

तो हसला. "काढून तर बघा."

मी काढायला गेले. शाळा दुसरीतली, समोर हैबती मान खाली घालून बसलेला, जसा काय माझ्या मयताला आलाय. मला एकही आकडा आठवेना. डॉक्टरने हैबतीला विचारलं, घरी काय काय होतं? हैबतीने सगळं सांगितलं, हळू आवाजात, मधेमधे थांबून. माझं मलाच वाईट वाटलं ऐकून. मग गोळ्या मिळाल्या. ती गोळी घेतली की दुपारपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.

मी झोपलेली, म्हणून चूल त्याच्याकडे गेली. कॅन्टीनमधला माणूस, हाताला सवय. वरण करायचा, उसळ करायचा, वाटीभर सोनाबाईकडे पाठवायचा. "भावजींच्या हाताला चव हाय हो!" मी पडल्या पडल्या ऐकायचे. चाव्या आता त्याच्या लेंग्याच्या खिशात वाजायच्या. सोनाबाई माझ्याशी मोठ्याने आणि तोडून तोडून बोलायला लागली, बहिऱ्याशी बोलावं तशी. "बया, जे-व-लीस का गो?" मी म्हटलं, "जेवले. तुझं डोकं खाल्लं." त्यावर ती रागावलीसुद्धा नाही. ते मला लागलं.

शिमगा जवळ आला तसा विनीतचा फोन आला. तो आणि सून अंकिता नालासोपाऱ्याला राहतात.

"आई, आम्ही येतोय शिमग्याला. पालखी झाली की तू आमच्याबरोबर चल."

"किती दिवस?"

तो जरा थांबला. "आता तिकडेच राहा. इथे मोठं हॉस्पिटल आहे. अप्पांना एकट्याला तुझं सगळं झेपत नाही."

"अन् घर? गाय?"

"अप्पा आहेत ना."

"अन् ओटी?"

"ओटी अंकिता भरेल. अप्पांनी सांगितलंय तिला सगळं."

पालखी वाडीत शिरली की पहिली थांबते आमच्या पडवीसमोर. देवीची पहिली ओटी आमच्या घरच्या थोरल्या बाईने भरायची. माझ्या सासूने भरली, तिच्या मागे मी. ती भरून झाल्याशिवाय पालखी दुसऱ्या दारात जात नाही. मान माझा गेलाच होता, आता घरही चाललं होतं. आणि मला भांडायला तोंड नव्हतं, कारण मला माझीच खात्री उरली नव्हती. मी मनात म्हटलं, जा बये. घर जाळून बसण्यापेक्षा जा.

पालखीच्या आधी आमच्याकडे पाळणूक असते. ती कधी लागणार ते ठरलेलं नसतं. गुरव देवीला विचारतो, देवी सांगेल त्या दिवशी लागते. मग पालखी बाहेर पडेपर्यंत कुठल्याही चुलीवर फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही. उकडलेलं खायचं. बायकांचे हात सवयीचे असतात, चुकून फोडणीकडे जातील, म्हणून आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरातलं तेल आणि मोहरी फडक्यात बांधून देवळात नेऊन ठेवायची. पुरुषांना यातलं काही बघावं लागत नाही. ताटात येईल ते खायचं. हैबती तर पोरवयात मुंबईला गेला, आणि यायचा तो पालखी नाचायच्या दिवशी.

त्या संध्याकाळी श्रीपत गुरव वाडीतून ओरडत गेला, "उद्यापासून पाळणूक हो!" हैबती महाडला गेला होता, माझ्या गोळ्या आणि घरचा बाजार आणायला. मी उठले. दरवर्षी उठते तशी. तेलाचा डबा, मोहरीची डबी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि सोनाबाईबरोबर देवळात ठेवून आले.

हैबती आला तेव्हा माझ्या अगदी तोंडावर आलं होतं की पाळणूक लागली. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि शब्द गिळला. 'सांगितलंस मघाशी' ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. येताना तो जेवून आला होता. पिशवी चुलीजवळ ठेवून झोपला.

सकाळी मी गोळी घेतली नाही. देवाचे दिवस, म्हणून जिभेखाली धरून मागे थुंकली. जळणाच्या फाट्या आणायला परसाच्या खालच्या अंगाला गेले. मोळी घेऊन वर येते तर स्वयंपाकघरातून काळा धूर. अंगणात सोनाबाई पदर नाकाला लावून उभी, आणखी दोघी-तिघी आल्या होत्या. आत हैबती टॉवेल आपटत होता, खोकत होता. गॅसवरच्या पातेल्यातलं तेल जळून डांबर झालं होतं. लसणीचा कोळसा. मोहरी उडून भिंतीला चिकटली होती.

सोनाबाईने मला दंडाला धरून बाजूला ओढलं. "फोडणी? अगो, आज फोडणी? पाळणूक हाय ना! बोचकं परत सोडवून आणलंस की काय देवळातनं?"

"मी नाय."

"मग कोण? भुतं?"

हैबती बाहेर आला. डोळे लाल. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला, इतका हळू, की मला तो हात बरा वाटला. हे लिहायची लाज वाटते, पण बरा वाटला.

"पातेलं गॅसवर ठेवून फाट्यांना गेलीस गो. घर गेलं असतं आज. तू गेली असतीस."

"मी ठेवलं?"

"असू दे. दुपारी पोरगा येतोय. वयनी, तुमीच सांगा आता हिला."

सोनाबाई म्हणाली, "ओटी अंकिताच भरू दे. हिच्या हातची नको आता देवीला." आणि बायका गेल्या. जाताना एकीने दुसरीला काहीतरी म्हटलं, दुसरी 'अरेरे' म्हणाली.

मी न सांगता घरातून निघाले. वेडी म्हणून एक सूट असते, कुठे चाललीस म्हणून कुणी विचारत नाही. देवळात कुणी नव्हतं. भिंतीला लागून सगळ्या वाडीची बोचकी रांगेने.  माझं बोचकं तिथे नसलं तर संपलं. तर मीच ते सोडवून नेलं, मीच फोडणी दिली, मीच विसरले, आणि जे जे सगळे सांगतात ते सगळं खरं.

हिरवं फडकं होतं. सोनाबाईच्या बोचक्याला टेकून. मी गाठ सोडली. तेलाचा डबा भरलेला. मोहरीची डबी, झाकणाला पोचा असलेली, माझी. दाणे बोटाने हलवून बघितले. मग तिथेच बसले आणि माझं मला सांगितलं, मोठ्याने, की बया, तू काल हे आणून ठेवलंस आणि ते तसंच आहे. माझ्या घरात काल संध्याकाळपासून ना माझं तेल, ना माझी मोहरी. मग पातेल्यात कुठली?

घरात माणसं दोन. एक मी.

देवीसमोर मला रडायला यायला पाहिजे होतं. रडू नाही आलं. गाय आठवली, चाव्या आठवल्या, डॉक्टरपुढे घातलेली त्याची मान आठवली. 'सांगितलंस मघाशी', 'सांगितलंस मघाशी'. शत्रूने केलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आणि मघाचा तो हात. तो हात खांद्यावर असताना मला बरं वाटलं होतं, याची मला सगळ्यात जास्त शिसारी आली.

बोचकं परत बांधलं, होतं तिथे ठेवलं. घरी जाऊन चेहरा धुतला आणि गप्प बसले. हल्ली गप्प बसायची सवय त्यानेच लावली होती.

दुपारी वीर स्टेशनवरून रिक्षाने विनीत आणि अंकिता आले. हैबतीने त्यांना चूळसुद्धा भरू दिली नाही, सांगायला लागला. सोनाबाईला मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं, सुनेला ओटीचं समजावून सांग म्हणून. ती पडवीत तांदूळ निवडत होती.

"कशी काय फोडणी दिली आईंनी?" अंकिताने विचारलं. "त्या तर झोपूनच असतात ना?"

"उठली सकाळी," हैबती म्हणाला. "मी अंघोळीला गेलो. हिने तेल ओतलं, मोहरी टाकली, लसूण टाकली आणि गेली निघून. मी बाहेर येतो तर धूर. डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो."

सोनाबाईचा निवडणारा हात थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "अवो, तेल कुठलं घेतलं मी?"

"डब्यातलं, अजून कुठलं?"

"अन् मोहरी?"

"डबीतली. बघ विनीत, एवढं पण आठवत नाय तिला."

"डबी दाखवा पोराला."

तो उठला, बिचारा म्हणावा असा चेहरा करून. आत फळीकडे गेला, पोरं मागोमाग. हात घातला. तेलाच्या डब्याच्या जागी गोल डाग, मोहरीच्या जागी काही नाही. वरच्या फळीवर बघितलं, खाली बघितलं. कॅन्टीन चालवलेला माणूस, पण सकाळी पिशवीतलं तेल आणि मोहरी घेताना फळीकडे त्याने बघितलंच नव्हतं.

"तूच कुठंतरी ठेवलं असशील," तो म्हणाला. आवाज अजून मऊच.

"ठेवलंय. काल संध्याकाळी. देवळात."

"देवळात?"

"पाळणूक लागली," मी म्हटलं. "तुमाला सांगितलं नाय मी. सांगितलं असतं तर तुमी बोलला असता, सांगितलंस मघाशी."

सोनाबाईने सूप खाली ठेवलं. "माझ्या बोचक्याशेजारी तसंच हाय हिचं बोचकं, आत्ता देवळातनं येताना बघितलं मी. आमी दोघी गेलेलो. भावजी, आज वाडीतल्या एकाही घरात मोहरीचा दाणा नाय."

"मग हिने... दुसरं..." हैबती म्हणाला आणि थांबला.

त्याची महाडची पिशवी अजून चुलीजवळच होती. अंकिता वाकली, पिशवीतून तेलाची कापलेली पिशवी काढली आणि मोहरीचं फोडलेलं पाकीट काढलं. ओट्यावर ठेवलं. पोरगी हुशार.

"अप्पा?" विनीत म्हणाला.

हैबती पडवीतून उतरला आणि गोठ्यामागे गेला.

मला वाटलं होतं, आता पोरगा उठेल, बापाला विचारेल, माझ्या बाजूला येऊन बसेल. विनीतने कपाळ चोळलं. "आई, काहीतरी गैरसमज असेल. अप्पा असं कशाला करतील? तुझी ट्रीटमेंट तर चालू आहे ना, ती आपण..."

"विनीत," मी म्हटलं, "मी वेडी असले तर तुला सोपं जातं काय रे?"

त्याने खाली बघितलं. तेव्हा कळलं, घात करायला एक माणूस लागतो, पण तो टिकवायला बाकीच्यांना नुसतं बरं म्हणावं लागतं.

सोनाबाई मात्र उठली. "आता मी जाते आणि वाडीभर सांगते," म्हणाली. "सकाळी जेवढ्या दारात अरेरे केलं तेवढ्या दारात जाते." आणि गेली. चप्पलसुद्धा विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती परसात बसून ते जळकं पातेलं राखेने घासत होता. निघत नव्हतं. मी त्याच्या समोर दगडावर बसले.

"का केलंस?"

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं. त्याने वर बघितलं, पण हरकत घेतली नाही.

"मी कायमचा आलो त्या दिवशी तू मला दारात इचारलंस, किती दिवस हायत? मी बोललो, आता कायमचा. तू बोललीस, अरे देवा. सगळ्या बायका हसल्या."

"मस्करी होती."

"असेल." तो घासत राहिला. "गाय मला बघून बिथरायची. विनीतचा फोन आला तरी, अप्पा, आईला द्या. मी चुलीजवळ गेलो की तू बोलायचीस, तिकडं बसा. मुंबईत रोज शेकड्यांनी माणसं जेवली माझ्या हातची. इथं मला चहा ठेवायची चोरी. मला वाटलं, तू जरा... जरा कमी झालीस तर मला जागा होईल."

"कमी झालीस," मी म्हटलं.

"तुझ्या जिवाला काय करणार नव्हतो मी. गॅस मी बंदच करणार होतो."

"जागा पायजे होती तर मागायचीस."

"तू सरकली असतीस?"

"नसते सरकले. शिव्या दिल्या असत्या, भांडले असते. पण डोकं माझं माझ्याकडं राहिलं असतं."

त्याने पातेल्यात आणखी राख टाकली.

"अन् गोळ्या घेऊन मी मढ्यासारखी पडायचे, तेव्हा काय वाटायचं रे तुला?"

 मग म्हणाला, "तू झोपलीस की मी गोठ्यात जायचो. गाय माझ्या हातनं खायला लागली होती."

हे त्याने असं सांगितलं की जणू मी ऐकून खूश व्हावं. तेव्हा मला त्याची पहिल्यांदा भीती वाटली. शिव्या देणाऱ्या माणसाचं पुढचं पाऊल दिसतं. याच्याबरोबर माझे केस पिकले आणि याचं एक पाऊल मला दिसलं नव्हतं. चाव्यांसाठी मी हात पुढे केला, त्याने दिल्या.

पालखी आली. पहिली आमच्या पडवीसमोर थांबली. ओटी मी भरली. अंकिताने ताट धरलं. सोनाबाई मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बयाच्या हातची हाय, देवी, नीट घे." ढोल वाजले. हैबती पालखीला खांदा द्यायला पुढे झाला. कुणी नको म्हटलं नाही, पण कुणी सरकून जागाही दिली नाही. मग तो बाजूला उभा राहिला.

जाताना विनीत म्हणाला, "आई, मग अप्पांना आम्ही नेतो तिकडे. तुला नको असतील तर."

"नको. तो इथंच राहील."

"का पण?"

"तिकडं नेलास तर चार लोक म्हणतील, बायकोने म्हातारपणी घालवला. बिचारा होईल. इथं वाडीत सगळ्यांना ठाव हाय. रोज त्यांच्यासमोरनं जाऊ दे."

विनीतला ते पटलं नाही. माझं मला पटलं होतं.

आता घर माझ्याकडे आहे, चाव्या कमरेला आहेत, गोळ्या मी चुलीत टाकल्या. वाडीतल्या बायका परत भांडणं घेऊन येतात. लोक म्हणतात, बया परत पहिल्यासारखी झाली. झाले नाही. कवाड बांधलं की मी मोठ्याने बोलते, 'कवाड बांधलं.' गॅस बंद केला की बोलते, 'गॅस बंद.' कुणी बघत नाही ना बघून बोलते. चाव्या आता न्हाणीत घेऊन जाते.

परवा दुपारी कुळथाची पिठी केली होती. हैबतीला वाढली. तो खाली मान घालून जेवला, भात कालवून सगळी संपवली, वाटी पुसून घेतली. मग मी बसले. पहिला घास घेतला आणि तोंडात धरवेना. मीठ दोनदा पडलेलं. जीभ भाजावी तशी खारट.

मी चुलीपुढेच होते. तो मधे एकदा पाण्याचा तांब्या घ्यायला आत आला होता.

"पिठी कशी झालीय?" मी विचारलं.

"चांगली हाय."

"खारट नाय लागली?"

"नाय गो. बरी हाय."

"मीठ तू टाकलंस?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "देवीशपथ नाय. तांब्या घेतला नि गेलो."

मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याने खोटं बोललेलं हवं होतं. त्याने टाकलं असेल तर मी धड होते. त्याने टाकलं नसेल तर मी टाकलं होतं, दोनदा, आणि मला ठाऊक नव्हतं. त्याच्या डोळ्यांत मला काही दिसलं नाही. आधीही कधी दिसलं नव्हतं.

"मग खाल्लंस कशाला गप्प?"

"बोललो असतो तर तुला वाटलं असतं, मी परत चालू केलं. म्हटलं, खाऊन टाकू. हात पडतो कुणाचाही कधीतरी."

"म्हणजे खारट होती."

त्याने रिकामी वाटी बाजूला सरकवली.

"माझ्या तोंडावर बरी हाय बोललास. परत."

"बया..."

"खारट हाय म्हण."

"खारट हाय."

"मोठ्याने."

"खारट हाय," तो मोठ्याने म्हणाला. शेजारी सोनाबाईच्या घरातला भांड्यांचा आवाज थांबला.

मी उठले, पिठीत पाणी ओतलं आणि परत चुलीवर ठेवली. तो उष्ट्या ताटावर तसाच बसून होता, मी उठ म्हणायची वाट बघत. मी पिठी ढवळत राहिले आणि उठ म्हटलं नाही.